माप तेवढं द्यावं

‘इन्स्टॉलेशन’ ही कला आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांतून आली असं कोणी सांगायला लागलं, की त्याला भाद्रपदात पुण्याच्या पेठांतून एक फेरी मारून आणावी असं मला वाटतं. बांबूचा सांगाडा, त्यावर ताणलेलं रंगवलेलं कापड, मोटारीवर मान हलवणारे पुतळे, ध्वनिफितीवरचं खणखणीत निवेदन आणि समोर पोराला खांद्यावर घेऊन उभी असलेली गर्दी. पैसा वर्गणीचा, जागा रस्त्याची, जागरण मंडळातल्या मुलांचं. हुंडाबळी, स्त्रीभ्रूणहत्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, महागाई, लाचखोरी. ज्याच्यावर देखावा झाला नाही असा विषय शोधावा लागेल. निषेध तर या उत्सवाच्या मुळाशीच आहे. भाऊसाहेब रंगारींनी १८९२ साली बसवलेली गणपतीची मूर्ती राक्षसाला मारणारी आहे, आणि तो राक्षस कोण हे त्या काळच्या पुणेकरांना समजावून सांगावं लागलं नसावं. सत्तेला हे माध्यम किती बोचतं याचा अलीकडचा दाखला कल्याणचा. शिवसेनेतल्या फुटीवरचा तिथला एक देखावा २०२२ साली पोलिसांनी उचलून नेला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. गॅलरीतल्या मांडणीच्या वाट्याला एवढा मान सहसा येत नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत नोकरी झाली. देखाव्याचा पडदा रंगवायला, थर्माकोलवर अक्षरं काढून घ्यायला गल्लीतली मुलं दरवर्षी घरी यायची. थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठा आला, मुलं येतच राहिली. त्यामुळे देखाव्याबद्दल मला जिव्हाळा आहे, तशी एक तक्रारही आहे. हात शंभर लागतात, पण डोकं एकाचंच चालतं. अध्यक्ष ठरवतो, नाहीतर ज्याची देणगी मोठी तो ठरवतो. हल्ली तर अख्खा देखावा भाड्याने मिळतो. बाकीच्यांनी खिळे ठोकायचे आणि माळा लावायच्या. चळवळींनी मिळून केलेली कला म्हणून जे काही मी पाहिलं, वाचलं, त्या सगळ्याला मी हेच विचारत आले आहे. हात खूप लागले हे समजलं, पण ठरवलं कोणी?

हा प्रश्न विचारायला आमच्याच भागात एक थोर जागा आहे, फैजपूर. केळीच्या बागांमधलं, यावल तालुक्यातलं गाव. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि खानदेशातल्या कार्यकर्त्यांनी व्यवस्थेची धुरा उचलली, साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. अधिवेशनाचं नगर गावात मिळणाऱ्या साहित्यातूनच उभं राहावं असा गांधीजींचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोसांना बोलावून घेतलं. नंदलालबाबू चित्रकार, मांडव घालणं हा त्यांचा धंदा नव्हे. तरी ते आले, आणि वास्तुकार म्हात्रे यांच्या जोडीने बांबूचं ‘टिळकनगर’ उभं राहिलं. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून न काढता बैलांनी ओढलेल्या रथातून काढली. प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी म्हात्रे आणि नंदलालबाबूंना नावानिशी श्रेय दिलं. कारागिरांच्या वाट्यालाही कौतुक आलं, पण ते ‘कारागीर’ म्हणून, एकगठ्ठा.

आमच्या लहानपणी तालुक्यातला प्रत्येक म्हातारा फैजपूरला जाऊन आलेला असायचा. कोणी मांडवाची दोरी धरलेली, कोणी नेहरूंच्या रथापुढे चाललेला, कोणी गांधीजींना प्यायला पाणी दिलेलं. सगळे खरं बोलत असतील तर त्या रथापुढे बैलांना पाय ठेवायला जागा उरली नसणार. पण या थापांचं मला कधी हसू आलं नाही. आपण तिथे होतो असं माणसाला पुढे पन्नास वर्षं सांगावंसं वाटतं, ही त्या बांबूच्या नगराची खरी कमाई. मांडव दोन-चार दिवसांत सुटला, बांबू जिकडे जायचे तिकडे गेले.

पुढचं अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला झालं. आमच्याकडून वाहत जाणारी तापी गुजरातेत जिथे पोचते तिथे, बारडोलीच्या बाजूला. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. इथेही नंदलालबाबूच होते. अधिवेशनाला येणाऱ्या खेडूतांना जाता-येता दिसतील असे साधारण दोन फुटांचे फलक त्यांनी हातकागदावर रंगवले. वादक, शिंपी, मल्ल, घरकामात गुंतलेल्या बायका. आसपासच्या गावांत फिरून त्यांनी आधी माणसं पाहून घेतली होती. चारशेच्या आसपास फलक तयार झाले. त्यांतले ऐंशीच्या वर त्यांच्या हातचे आणि उरलेले शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या विद्यार्थ्यांनी त्यांवरून केलेले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी त्यांतले काही पाहिले. रेषेचा तो वेग पाहून माझ्यासारख्या मास्तरणीने हात जोडायचे आणि गप्प बसायचं. तरीही तिथे उभी असताना मला माझा वर्ग आठवला. फळ्यावर मी नारळ काढला की साठ वह्यांत साठ नारळ उमटायचे, सगळ्यांच्या शेंड्या उजवीकडे. हरिपुऱ्यातला शिंपी सुंदर आहे, पण तो हरिपुऱ्यातल्या शिंप्याने काढलेला नाही. त्याच्या गावात, त्याच्यासाठी, त्याचंच चित्र लागलं; मात्र त्याला कोणी कागद दिला नाही. १९३८ साली असा विचार कोणी करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे हे मला कळतं. पण आज आपण ‘लोकसहभागातून साकारलेली कलाकृती’ असं फलकावर छापतो तेव्हा अनेकदा हरिपुऱ्याचाच हिशेब चाललेला असतो, फक्त नंदलाल नसतात.

वेगळा हिशेब मला पहिल्यांदा दिसला तो एका अमेरिकन गोधडीत. १९८५ सालच्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिथला खून झालेला नगरसेवक हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या स्मरणार्थ मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली. एड्सने शहरात माणसं मरत होती आणि सरकार त्या रोगाचं नावही धड घ्यायला तयार नव्हतं. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने मिरवणुकीतल्यांना आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव पुठ्ठ्यावर लिहायला सांगितलं. ते पुठ्ठे सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले तेव्हा ती भिंत त्याला तुकडे जोडलेल्या गोधडीसारखी दिसली. तिथून पुढे ‘एड्स मेमोरियल क्विल्ट’ उभी राहिली. अट एकच, तुकडा तीन फूट बाय सहा फूट. म्हणजे अंदाजे एका कबरीएवढा. त्यावर काय शिवायचं, कशाने शिवायचं, नाव पूर्ण घालायचं की अर्धं, हे शिवणाऱ्याचं त्याने ठरवायचं. लोकांनी जीन्स शिवल्या, टोप्या शिवल्या, टेडी बेअर शिवले. आयुष्यात सुई हातात न धरलेल्या पुरुषांनी वेडेवाकडे टाके घातले. असे आठ तुकडे जोडून बारा फुटांचा चौकोन करायचा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर १,९२० तुकडे अंथरले गेले आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं गेलं. आज ती गोधडी पन्नास हजारांच्या आसपास तुकड्यांची आणि चौपन्न टन वजनाची आहे. तिच्यावरचा ‘कॉमन थ्रेड्स’ हा माहितीपट मी पाहिला तेव्हा नोकरीत होते, आणि माझं लक्ष शिक्षिकेच्या सवयीने त्या मापावर गेलं. कोणीतरी सगळ्यांना नमुना न देता फक्त माप दिलं होतं. माप दिल्यामुळे जोडता आलं, नमुना न दिल्यामुळे प्रत्येकाचं वेगळं राहिलं. मिळून काम करणं म्हणजे काय याचं इतकं व्यवहारी उत्तर मला कुठल्या कलेच्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

ते उत्तर प्रत्यक्षात किती वाकतं, ताणतं, हे पुढे आमच्याच बाजूच्या एका खेड्यात पाहायला मिळालं.

त्या गावात बायकांनी दारूचं दुकान बंद पाडलं होतं. आपल्याकडे याची एक रीतसर पद्धत आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी अर्ज करायचा, राज्य उत्पादन शुल्क खात्याने सह्या पडताळायच्या आणि मग गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. खरी गोम पुढे आहे. झालेल्या मतदानातली निम्मी मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवी बाटली निवडावी लागते. म्हणजे जी माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, जी आजारी पडली, ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूची. म्हणून मतदानाच्या दिवशी बायकांना शेतांतून, लग्नघरांतून, कोणाला बाजेसकट उचलून आणावं लागतं. या गावाने ते केलं होतं. एक वर्ष झालं म्हणून तिथे काम करणाऱ्या संस्थेने काहीतरी मिळून करायचं ठरवलं, आणि ‘बाई, तुम्ही चित्रकला शिकवता’ म्हणून मला बोलावणं आलं.

संस्थेतली एक तरुण कार्यकर्ती मुंबईत कला शिकून आलेली होती. तिने एक सुरेख आराखडा करून आणला होता. मोठ्या कापडावर हातात हात घातलेल्या बायकांची साखळी, मध्ये सूर्य, आणि प्रत्येकीने आपापल्या आकृतीत रंगीत टाके भरायचे. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात तो कागद फिरला. ‘छान आहे’ असं सगळ्या म्हणाल्या आणि कोणीच पुढे काही बोलेना. शेवटी गोधड्या शिवणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “सूर्य राहू दे पोरी, कापड किती घ्यायचं तेवढं सांग.” त्या मुलीचं मला कौतुक वाटलं. तिने वाद घातला नाही, आराखड्याची गुंडाळी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “एक हात लांब, एक हात रुंद.”

आठवड्याने तुकडे जमले तेव्हा त्यांत कोणतेही दोन सारखे नव्हते. प्रत्येकीने आपल्या कोपरापासून आपल्या मधल्या बोटापर्यंत मोजलं होतं. उंच बाईचा तुकडा मोठा, आजींचा लहान, नववीतल्या एका मुलीचा त्याहून लहान. कापडंही घरात सापडतील ती. फाटलेलं लुगडं, शाळेचा गणवेश, गव्हाच्या पिठाची पांढरी पिशवी, एकीचा तर नवऱ्याचा सदरा, गुंडीच्या पट्टीसकट. त्यावर काय काय शिवलेलं! आडव्या बाटल्या पुष्कळ, त्यांतल्या एका बाटलीत मुंग्यांची रांग शिरते आहे. शाई लावलेलं बोट. बायकांनी भरलेला ट्रॅक्टर. भांड्यांची मांडणी, आणि त्यात एक जागा मुद्दाम रिकामी. तिथला हंडा विकला गेला होता म्हणे.

एक तुकडा मात्र सगळ्यांच्या हातांतून फिरून परत परत मधोमध येत होता. पिवळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा धावदोरा, कापडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मध्ये एक वळण. एका टोकाला चार घरं, दुसऱ्या टोकाला चार घरं, आणि रस्त्यावर एक मोटारसायकल. मोटारसायकलचं एक चाक दुसऱ्यापेक्षा मोठं होतं. हे काय, म्हणून विचारलं तर शिवणारी म्हणाली, “दुकान बंद झालं, बाई. आता तो शेजारच्या गावाला जातो. पेट्रोलचा खर्च वाढला.” सभामंडपात आधी हशा पिकला आणि मग तो ओसरला. जी संस्था वर्षपूर्ती साजरी करायला निघाली होती तिच्या कार्यकर्त्यांची पंचाईत झाली. हा तुकडा लावला तर आनंदाचं काय, नाही लावला तर त्या बाईचं काय? एक-दोघी म्हणाल्या की हा तुकडा खालच्या कोपऱ्यात घ्यावा. तो आजींनी मधल्या रांगेत घेतला. कारण मोठं तात्त्विक नव्हतं, पिवळा रंग तिथे शोभत होता.

चळवळीचा उत्सव करणारी कला मला पुष्कळदा पचत नाही, त्याचं कारण त्या पिवळ्या तुकड्यात आहे. उत्सवाला विजय लागतो, निदान विजयासारखं दिसणारं काही. चळवळीच्या हाती बहुतेक वेळा अर्धंमुर्धं येतं. मुंबईतल्या हुतात्मा स्मारकातले मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार पाहा. छात्या पुढे, नजर वर. संयुक्त महाराष्ट्र मिळाला हे खरंच आहे, त्यासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या हेही खरं आहे. पण त्या दोघांपैकी एकाच्या गिरण्यांचं पुढे काय झालं आणि दुसऱ्याच्या कर्जाचं काय झालं, हे शिवायला त्या दगडात आणि धातूत जागाच ठेवलेली नाही. एकाने घडवलेल्या शिल्पाला नंतर ठिगळ लावता येत नाही. तुकड्यांच्या कामाचा मोठा फायदा हा, की त्यात नाराज माणसाला तिची वीतभर जागा मिळते आणि तिच्या जागेमुळे बाकीच्यांचं काही अडत नाही.

अर्थात जोडण्याचा प्रश्न उरला होता. तुकडे लहान-मोठे, टाचायचे कसे? कार्यकर्ती म्हणाली, मोठे कापून सारखे करू. त्यावर बायकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने कात्री खाली ठेवली. आजींनी काळ्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या. जिथे तुकडा लहान तिथे पट्टी रुंद, जिथे मोठा तिथे अरुंद. त्यामुळे सगळ्या कापडभर काळी चौकट कुठे बोटभर तर कुठे चांगली चार बोटं झाली. लांबून पाहिलं की ती रेघ हलल्यासारखी दिसते. मी चाळीस वर्षांत अनेक मुलांना पट्टी लावून समास आखायला शिकवलं आहे, त्या पट्ट्या पाहून ते जरा विसरावंसं वाटलं.

नावं घालायची का, यावर मात्र जुंपली. अमेरिकेतल्या गोधडीचा सगळा जीवच नावांत आहे, हे मी सांगितलं. संस्थेलाही नावं हवी होती, कारण श्रेय ज्याचं त्याला मिळायला पाहिजे. निम्म्या बायकांनी साफ नकार दिला. दुकानदार भावकीतला होता. मतदान गुप्त होतं म्हणून तर ते झालं, आता दोऱ्याने नाव लिहून दाखवायचं कशाला? मला त्या क्षणी चिलीच्या बायका आठवल्या. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे हजारो माणसं पकडली गेली, कित्येक पुन्हा दिसली नाहीत. त्यांच्या आया-बहिणी सान्तियागोत चर्चच्या आधाराने जमून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. त्यांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. डोंगररांग, सूर्य, छोट्या बाहुल्यांसारखी माणसं, आणि पुढे तुरुंगाचं दार किंवा ‘ते कुठे आहेत?’ असा फलक. काही वेळा चिंधी हरवलेल्या माणसाच्याच कपड्याची असे. ही चित्रं परदेशात विकली जात, त्यावर घर चाले आणि बातमीही बाहेर जाई. चित्रावर नाव नसे, कारण नाव घालणं म्हणजे पोलिसांना घरचा पत्ता देणं. नाव घालणं हा जसा एका ठिकाणचा लढा असतो, तसं नाव न घालणं हा दुसऱ्या ठिकाणी लढण्याचा रस्ता असतो. कला समीक्षकांना अनामिकतेचं फार आकर्षण असतं. या बायकांना नव्हतं, त्यांना जिवंत राहायचं होतं.

शिवणकामाच्या या मऊपणावर एक जुना आक्षेप आहे आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. माणसं मरत असताना तुम्ही गोधड्या कसल्या शिवता? राग कुठे गेला? ऑक्टोबर १९९२ मध्ये ती अमेरिकन गोधडी वॉशिंग्टनला पुन्हा अंथरली गेली, त्याच दिवसांत ‘ॲक्ट अप’ या संघटनेच्या लोकांनी व्हाइट हाऊसकडे मोर्चा नेला आणि एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची राख कुंपणावरून आतल्या हिरवळीवर फेकली. एका मैदानात नावं वाचली जात होती आणि थोड्या अंतरावर राख उडत होती. रडायला आलेल्या माणसाला ज्या कलेने शांत करून घरी पाठवलं तिने सत्तेचंच काम केलं, असं राख फेकणाऱ्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात, पण त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं पटत नाही. गोधडीने आपण किती आहोत हे दाखवलं नसतं, तर राख उचलून चालत जाण्याचं बळ कुठून आलं असतं? तरीही गोधडी संग्रहालयात जाईल, राख कधीच जाणार नाही, हा फरक उरतोच.

टिकवण्याचा प्रश्न आला की सामूहिक कलेची अडचण सुरू होते. दिल्लीच्या शाहीनबागेत डिसेंबर २०१९ पासून बायका नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांच्याभोवती एक अख्खी वस्ती उभी राहिली. इंडिया गेटची प्रतिकृती, भारताचा उंच लोखंडी नकाशा, रंगवलेल्या भिंती. बसथांब्यातल्या वाचनालयाला फातिमा शेख आणि सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं होतं. पुण्यातल्या दोन शिक्षिका एका बसथांब्यात एकत्र आल्या हे वाचून मला किती बरं वाटलं होतं! २४ मार्च २०२० रोजी करोनाच्या कारणाने पोलिसांनी ती जागा रिकामी केली आणि मांडलेलं सगळं हटवलं. उरले ते फोटो. उलट बाजूला हरिपुऱ्याचे फलक पाहा. २०१९ साली गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने ते व्हेनिसच्या बिएनालेत भारताच्या दालनात लागले. तापीकाठच्या शेतकऱ्यांनी जाता-येता पाहावेत म्हणून रंगवलेली चित्रं, नेमक्या उजेडात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. एकाला मोडलं, एकाला जपलं. जपलेल्याचंही काहीतरी मोडलंच, असं माझं मत आहे. पण ते मोडलं नसतं तर मला दिल्लीत ती रेषा दिसली नसती, हेही आहेच. यावर मी फार ताणत नाही.

२०२१ साली शेतकरी आंदोलनाच्या काळात ‘मिट्टी सत्याग्रह’ निघाला. वेगवेगळ्या राज्यांतल्या गावांची माती घेऊन लोक दांडीहून दिल्लीच्या सीमेवर गेले, आंदोलनात गेलेल्या शेतकऱ्यांच्या स्मारकासाठी. मला ती कल्पना आवडली, कारण तिथेही माप तेवढं दिलं होतं, माप म्हणजे मूठभर. शिवाय माती कोणी काचेत लावत नाही.

दारूचं दुकान बंद पाडणाऱ्या त्या गावच्या कापडाचं काय झालं ते सांगते. एका सरकारी कार्यालयाने ते दर्शनी भिंतीवर लावायला मागितलं. चौकट करू, काच लावू, खाली योजनेचं नाव टाकू. बायकांनी विचारलं, पुढच्या वर्षी तुकडे वाढवायला काच काढता येईल का? त्यावर तिकडून उत्तर आलं नाही आणि कापडही गेलं नाही. ते संस्थेच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत असतं, कडुनिंबाचा पाला घालून. वर्षातून एकदा निघतं, उन्हात टाकलं जातं, आणि जिला वाटेल ती नवा तुकडा जोडते. पिवळ्या तुकड्यावरची मोटारसायकल धुऊन धुऊन विरली आहे, रस्ता तेवढा शाबूत आहे.

परवा त्यासाठीच बैठक होती. वाद निघाला तो दुकान ज्यांच्या गाळ्यात होतं त्या घरच्या सूनबाईंवरून. मतदानाआधी घरोघर फिरून ‘पोटावर पाय देऊ नका’ असं सांगणारी हीच. मत तिने कशाला दिलं हे कायद्याने कोणालाच माहीत नाही आणि गावात सगळ्यांना माहीत आहे. तिने निरोप पाठवला होता की मलाही एक तुकडा शिवायचा आहे. ट्रॅक्टर शिवणारी उसळली, “आमच्या कापडात तिचा काय संबंध? तिच्या गाळ्यावरून आमचा लढा, आणि आता तीच शेजारी येऊन बसणार?” दुसरी म्हणाली, तिलाही मुलंबाळं आहेत, वर्षभर गाळा रिकामा पडला होता. आवाज चढले. जुन्या तक्रारी, पाण्याच्या पाळ्या, कोणाच्या लग्नात कोणाला बोलावलं नाही, सगळं निघालं.

आजी दोरा ओवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हातभर कापड घे म्हणावं. काय शिवायचं ते तिचं ती बघेल.”

“आणि तिने उभी बाटली शिवली तर?”

“तर उभी शिवेल. आडव्या का थोड्या आहेत?”

यावर काही जणी हसल्या, ट्रॅक्टरवाली उठून बाहेर जाऊन बसली. ठराव काही झाला नाही. कार्यकर्तीने वहीत तारीख लिहिली आणि तालुक्याच्या बाजारातून काळं कापड आणायचं काम माझ्यावर आलं. किती आणू म्हणून विचारलं तर आजींनी पेटीतलं कापड एकदा हाताने मोजलं आणि दीड मीटर जास्त सांगितलं.